खांद्यावरची सायकल

सायकलीच्या इतिहासात रस्त्यांना जितकी जागा मिळाली, तितकी ओढ्यांना मिळाली नाही. हवेचे टायर, डांबरी सडका, शर्यती, सायकलीने स्त्रियांना दिलेली मोकळीक यांवर भरपूर लिहिले गेले आहे. पण रस्ता संपतो, पूल नसतो आणि समोर मांडीएवढे पाणी वाहत असते, तेव्हा सायकलस्वार काय करतो, हा प्रश्न इतिहासकारांना फारसा पडलेला दिसत नाही. डोंगरी सायकलीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या स्पर्धांमध्ये आज हा प्रश्न मुद्दाम उभा केला जातो. मार्गात ओढा असतो, चिखल असतो, निसरडे गोटे असतात. स्वाराने ते ओलांडायचे आणि पुढचे अंतर कापण्याइतकी सायकल आणि सामान शाबूत ठेवायचे.

हा खेळ जन्मला कॅलिफोर्नियात, 1970 च्या दशकात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. खेळापुरते ते खरे आहे. पण पाण्याचा प्रश्न त्याहून ऐंशी वर्षांनी जुना आहे. त्याचे माझ्या वाचनात आलेले सर्वांत तपशीलवार जुने उत्तर अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या काही कृष्णवर्णीय सैनिकांनी दिले होते. ते उत्तर काय होते आणि ते देणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे या लेखात मांडायचे आहे.

त्याआधी पाणी सायकलीचे नेमके काय बिघडवते ते पाहू. माझ्या लहानपणी पुण्यात पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की घरोघरच्या सायकली दुकानात जात. या कामाला सगळे ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत. मूळ इंग्रजी शब्द वेगळा आहे हे पुष्कळ वर्षांनी कळले, पण कामाचे वर्णन म्हणून आमचा शब्द काही वाईट नव्हता. दुकानदार चाक काढी, हबचा कोन सैल करी, आतले छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकी. ग्रीस पांढरट, दुधाळ झालेले दिसले की म्हणे, “पाणी गेलंय.” त्या दोन शब्दांत या विषयाचे सगळे यंत्रशास्त्र आहे.

चौकट भिजली तर पुसता येते. सीट वाळते. खरे नुकसान डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते. चाकाचा हब, पेडलांचा मधला आस आणि हँडलखालची जोडणी या तीन ठिकाणी पोलादी छर्रे ग्रीसमध्ये फिरत असतात. पाणी आत शिरले की ग्रीस फेसाळते आणि छर्ऱ्यांवरून सुटते. पाण्याबरोबर बारीक वाळूही येते आणि मग प्रत्येक फेऱ्याला पोलाद पोलादावर घासले जाते. साखळीचेही तेच. तिच्या प्रत्येक कडीतली खीळ तेलावर फिरते. तेल धुऊन जाऊन तिथे माती बसली की साखळी स्वतःलाच झिजवू लागते. थोडक्यात, पाण्याची अडचण दोन प्रकारची असते. एक ओढा ओलांडतानाची, ती पाच मिनिटांत संपते. दुसरी ओढा ओलांडून झाल्यावरची, ती पुढचे शंभर मैल पाठ सोडत नाही.

आता मोंटानाकडे वळू. 1890 च्या दशकात युरोपातल्या अनेक सैन्यांनी सायकलीचे प्रयोग सुरू केले होते. अमेरिकी सैन्याचे सेनापती जनरल नेल्सन माइल्स यांनाही त्यात रस होता. युक्तिवाद साधा होता. घोड्याला दाणा लागतो, चारा लागतो, पाणी लागते, विश्रांती लागते. सायकलीला यातले काहीच लागत नाही. शिवाय तिच्या टापांचा आवाज होत नाही. हा युक्तिवाद सपाट रस्त्यावर बिनतोड होता. नदीकाठी मात्र तो उलटत होता. घोडा स्वाराला घेऊन पाण्यात उतरतो, वेळ पडली तर पोहतो. सायकल पोहत नाही. नदीकाठी आले की वाहन आणि स्वार यांचे नातेच पालटते. वाहनाने स्वाराला न्यायचे, त्याऐवजी स्वाराने वाहनाला न्यायचे.

हा प्रयोग करण्याची परवानगी लेफ्टनंट जेम्स मॉस या तरुण गोऱ्या अधिकाऱ्याने मिळवली. मॉस 1894 साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले ते वर्गात शेवटच्या क्रमांकाने. त्यांची नेमणूक झाली फोर्ट मिझूला इथल्या 25व्या पायदळ रेजिमेंटमध्ये. ही कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट होती. तेव्हाच्या अमेरिकी सैन्यात अशा पलटणी वेगळ्या ठेवल्या जात आणि त्यांचे अधिकारी बहुतेक गोरे असत. या सैनिकांना ‘बफेलो सोल्जर’ हे नाव पडले होते. त्यांतल्या आठ जणांची तुकडी 1896 च्या उन्हाळ्यात सायकलीवर कवायत शिकली. त्यांच्यात जॉन फिंडली नावाचा शिपाई होता. त्याने शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केले होते. तुकडीचा मिस्त्री तोच.

ऑगस्टच्या सुरुवातीला ही तुकडी मिशन पर्वतरांगेतल्या मॅकडोनल्ड सरोवरापर्यंत जाऊन परत आली. चार दिवसांत सुमारे सव्वाशे मैल, म्हणजे 200 किलोमीटर झाले. पाऊस, चिखल, झाडे आडवी पडलेल्या वाटा आणि बर्फाच्या पाण्याचे वेगवान ओढे, असा तो मार्ग होता. ओढा ओलांडण्याची त्यांची रीत अशी होती. आधी सायकलीवरचे सामान सोडायचे आणि ते वेगळे पलीकडे न्यायचे. मग एका मजबूत काठीला सायकल लटकवायची, काठीची दोन टोके दोघांनी खांद्यावर घ्यायची आणि प्रवाहातून चालायचे. आपल्याकडे जड हंडा किंवा डोली ज्या रीतीने नेत, तीच ही रीत. तिच्यात हुशारी कुठे आहे? सायकल पाण्याच्या वर राहते, त्यामुळे हबमध्ये पाणी जात नाही. वजन दोघांत वाटले जाते. आणि पुढचा शिपाई घसरला तरी मागच्याच्या हाती काठीचे दुसरे टोक असते. म्हणजे आधी सांगितलेल्या दोन्ही अडचणी एकाच काठीने सुटतात.

त्याच महिन्यात तुकडी यलोस्टोन उद्यानाच्या मोठ्या फेरीवर गेली. मॅमथ हॉट स्प्रिंग्ज इथल्या चुनखडीच्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या या सैनिकांचे छायाचित्र फ्रँक जे. हेन्स यांनी घेतले. या प्रयोगाची आज जी काही ओळख उरली आहे, ती बरीचशी त्या छायाचित्रामुळे आहे.

1897 साली मॉस यांनी खरी परीक्षा मागितली. मिझूला ते सेंट लुइस असे सुमारे 1,900 मैल, म्हणजे 3,000 किलोमीटरहून अधिक अंतर होते. 20 सैनिक, मॉस, डॉक्टर जेम्स केनेडी आणि स्थानिक वर्तमानपत्राचा एकोणीस वर्षांचा वार्ताहर एडवर्ड बूस असे तेवीस जण 14 जून रोजी निघाले. सायकली स्पाल्डिंग कंपनीने दिल्या आणि त्या बनवताना आदल्या वर्षीचा अनुभव विचारात घेतला गेला. त्या काळी अमेरिकेत लाकडी रिमा सर्रास वापरत. या सायकलींना पोलादी रिमा होत्या. पुढचा फोर्क जास्त बळकट होता. चौकटीच्या त्रिकोणात सामानाची पेटी बसवली होती. आणि साखळीवर पूर्ण बंद आवरण होते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना असे तेच हे चेनकव्हर. साडी किंवा धोतर अडकू नये म्हणून ते असते, अशी आपली समजूत. मोंटानात त्याचे काम चिखल आणि पाणी साखळीपासून दूर ठेवण्याचे होते. मोकळी सायकल 32 पौंडांची होती. सामान लादल्यावर सरासरी 59 पौंड, म्हणजे जवळजवळ 27 किलो होई. शिवाय प्रत्येकाजवळ बंदूक आणि काडतुसे. पूल नसलेल्या प्रत्येक ओढ्यावर यातले बरेचसे अंगावर घ्यायचे होते.

मार्गावर पाणी तीन रूपांनी आडवे आले. पहिले ओढ्यांचे. दुसरे पावसाचे. मोंटानातल्या चिकण मातीला तिथे ‘गम्बो’ म्हणतात. भिजल्यावर ती चाकाला अशी बिलगते की चाक आणि फोर्क यांच्यात जागाच उरत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात जूनमध्ये सायकल ढकललेल्या वाचकाला याहून वेगळे वर्णन नको. अशा वेळी तुकडी रस्ता सोडून रेल्वेमार्गावर जाई आणि स्लीपरांवरून धक्के खात पुढे सरके. जून महिन्यातच रॉकी पर्वताचा माथा ओलांडताना त्यांना बर्फवृष्टीही लागली. पाण्याचे तिसरे रूप पोटात जाणारे. वायोमिंग आणि नेब्रास्का या भागांत क्षारयुक्त पाण्याने अनेक जण आजारी पडले. खुद्द मॉस यांना अलायन्स या गावी मागे राहावे लागले. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत तर ओढ्यांऐवजी कोरडी, खोल रेती होती आणि तिथेही पुन्हा रेल्वेमार्गाचाच आधार घ्यावा लागला. 24 जुलै रोजी, एकेचाळिसाव्या दिवशी, तुकडी सेंट लुइसला पोहोचली. स्वागताला हजारो लोक होते.

इथे एक गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. आपल्याला हे सारे कळते ते मुख्यतः दोन वाटांनी, मॉस यांच्या अहवालांतून आणि बूस यांच्या बातमीपत्रांतून. दोघेही गोरे, एक हुकूम देणारा आणि एक पाहणारा. ज्यांनी काठी खांद्यावर घेतली, त्यांचे स्वतःचे शब्द जवळजवळ उरलेले नाहीत. सायकल लटकवायची ही कल्पना कोणाची? ओल्या झालेल्या हबांचे फिंडलीने रात्री मुक्कामावर काय केले? कोणता सुटा भाग त्याने आधी तपासला? ज्याने वीस जणांच्या सायकली तीन हजार किलोमीटर चालत्या ठेवल्या, त्याच्या हातांत या प्रश्नांची उत्तरे होती. कागदावर आली ती अंतरे, वेग आणि वजने. कारागिराचे ज्ञान अहवालात शिरताना असे गळून जाते, हे आपल्या इतिहासलेखनालाही नवे नाही. गड बांधून घेणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात, पण त्याच गडावरचे टाके अडीचशे वर्षे गळू नये म्हणून कोणत्या पाथरवटाने काय केले, हे आपण सांगू शकत नाही.

प्रयोग यशस्वी झाला, पण पुढे गेला नाही. सैनिक रेल्वेने मिझूलाला परतले. मॉस यांनी सान फ्रान्सिस्कोपर्यंतच्या पुढच्या फेरीसाठी मागितलेली परवानगी मिळाली नाही. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि 25वी रेजिमेंट क्यूबात लढायला गेली. सायकली मागे पडल्या.

या स्वारांतल्या एकाची पुढची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सार्जंट मिंगो सँडर्स हे 1897 च्या तुकडीतले सर्वांत अनुभवी सैनिक होते. ते 1881 मध्ये भरती झाले होते, फेरीच्या वेळी त्यांचे वय चाळिशीला आले होते आणि एका डोळ्याची दृष्टी अधू होती. क्यूबातही ते लढले. 1906 मध्ये रेजिमेंटच्या काही कंपन्या टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल इथे असताना एका रात्री गावात गोळीबार झाला आणि एक माणूस ठार झाला. आरोप कृष्णवर्णीय सैनिकांवर आला. कोणावरही खटला न चालवता राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 167 सैनिकांना सन्मान काढून घेऊन बडतर्फ केले. त्यांत सँडर्स होते. पंचवीस वर्षांहून अधिक सेवा झाली होती आणि निवृत्तिवेतन फार दूर नव्हते. ते बुडाले. 1972 मध्ये अमेरिकी सैन्याने हा निर्णय रद्द करून सर्वांची सन्मानपूर्वक मुक्तता केल्याचे जाहीर केले. सँडर्स त्यापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे आधी वारले होते. सायकलीच्या इतिहासातून हे सैनिक का निसटले, याचे एक उत्तर इथे आहे, असे मला वाटते. ज्यांचे नाव सैन्याच्या पटावरच काळे केले गेले, त्यांच्या पराक्रमाची आठवण कोणी आणि कशासाठी ठेवायची?

दरम्यान सायकल खांद्यावर घेण्याची कला दुसरीकडे स्वतंत्रपणे वाढत होती. फ्रान्समध्ये दानिएल गूसो यांच्या पुढाकाराने 1902 मध्ये सायक्लो-क्रॉसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हिवाळ्यात शेतांतून, ओढ्यांतून, कुंपणांवरून सायकल नेण्याचा हा खेळ. 1910 ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ यांनी आपल्या यशाचे श्रेय या सरावाला दिल्यावर त्याला प्रतिष्ठा आली. इथे काठी गेली आणि एकट्याचा खांदा आला. स्वार डाव्या बाजूने उतरतो आणि सायकलीची चौकट उजव्या खांद्यावर चढवतो. यालाही कारण आहे. साखळी सायकलीच्या उजव्या बाजूला असते. उजव्या खांद्यावर घेतली की ती अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला राहते, तिला धक्का लागत नाही आणि तेलकट दात्यांनी मांडी फाटत नाही.

खेळात शिकलेली गोष्ट युद्धात किती भयंकर ठरू शकते, हे 1941–42 मध्ये मलायात दिसले. जपानी पायदळाने डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत पंचावन्न दिवसांत सुमारे 1,100 किलोमीटर उतरून सिंगापूरची खाडी गाठली. त्यात सायकलींचा मोठा वाटा होता. त्यांना रोखणाऱ्या ब्रिटिश फौजेत 9व्या आणि 11व्या भारतीय डिव्हिजनचे जवान होते. माघार घेताना फौज एकामागून एक पूल उडवत होती. पूल उडाला की मोटारी आणि रणगाडे थांबतात, हा हिशेब बरोबर होता. पण जपानी शिपाई सायकल खांद्यावर घेऊन नदीत उतरत आणि पलीकडे जाऊन पुन्हा स्वार होत. त्या हिशेबात खांदा धरलेला नव्हता. आपल्या कित्येक जवानांच्या वाट्याला पुढे जी कैद आली, तिच्यामागच्या अनेक कारणांपैकी हेही एक, लहानसे पण खरे.

आता कॅलिफोर्निया. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन परगण्यात काही तरुण 1930–40 च्या काळातल्या जुन्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी चार्ली केली आणि मित्रांनी फेअरफॅक्स गावाजवळ वेळ मोजून पहिली शर्यत घेतली. जेमतेम सव्वादोन मैलांची वाट आणि 1,300 फुटांचा उतार. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आतच असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारात हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ म्हणतात आणि त्या वाटेचे आणि शर्यतीचे नावही तेच पडले. या खेळाच्या पहिल्या प्रसिद्ध शर्यतीचे नाव ना वेगावरून आहे, ना डोंगरावरून. ते ग्रीसवरून आहे. मोंटानात पाण्याने जे होत होते, ते इथे उष्णतेने होत होते.

पुढची वीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली. जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये खास डोंगरासाठी नवी चौकट बनवली. सान होजे इथे फिल वुड यांनी 1971 पासूनच सीलबंद बेअरिंगचे हब बनवायला सुरुवात केली होती, त्या विचाराला आता मोठे क्षेत्र मिळाले. रबराच्या बारीक पाळीने छर्ऱ्यांची खोली बंद झाली. ब्रेक रिमवर होता तोवर ओल्या रिमवर रबर घसरे. तो हबजवळच्या चकतीवर गेला आणि चाक चिखलात बुडाले तरी ब्रेक लागू लागला. 1990 मध्ये ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि 1996 मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

तरीही पाण्याने आपला हक्क सोडलेला नाही. सील धूळ आणि शिंतोडे अडवते, बुडालेला हब फार काळ वाचवत नाही. म्हणून जाणते स्वार आजही जे करतात, ते जुनेच आहे. तळ दिसत असेल आणि पाणी हबच्या खाली असेल, तरच सायकलीवर बसून जायचे. हलका गिअर आधीच टाकायचा, वजन मागे ठेवायचे, पेडल थांबवायचे नाही. पाणी त्याहून खोल असेल तर उतरायचे आणि सायकल उचलायची. ढकलत न्यायचीच झाली तर ती प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे ओढ लागली तरी ती आपल्या पायांवर येत नाही. कपडे, दिवा, नकाशा हे बंद पिशवीत आणि शक्यतो पाठीवर उंच ठेवायचे. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोनचार वेळा हलके दाबून कोरडे करायचे. घरी आल्यावर चिखल हलक्या धारेने धुवायचा. जोराच्या फवाऱ्याने हब धुणे म्हणजे ओढ्याला जे जमले नाही ते आपल्या हाताने करणे. मग सीटची नळी काढून चौकटीतले पाणी निथळू द्यायचे, साखळी पुसून वाळवायची आणि नंतरच तेल द्यायचे. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये सायकल घेऊन जाणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना यातले प्रत्येक कलम अनुभवाने ठाऊक आहे.

मिझूलाचे सैनिक आणि मारिनचे तरुण यांच्यात वारशाचा धागा आहे, असा माझा दावा नाही. मारिनच्या तरुणांनी त्यांचे पाहून काही केले, याला आधार नाही. सायक्लो-क्रॉसवाल्यांनीही नाही. सारखा आहे तो प्रश्न, आणि तो ओढा प्रत्येकाला पहिल्यापासून विचारतो. पण म्हणूनच सुरुवात कोठून मोजायची, हा केवळ तपशिलाचा वाद राहत नाही. खेळ म्हणून मोजली तर ती 1976 मध्ये झाली. पण रस्ता नसलेल्या प्रदेशातून सायकल, स्वार आणि सामान तिन्ही धडपणे पलीकडे नेण्याची विद्या म्हणून मोजली, तर 1896 चे ते आठ जण आणि 1897 चे ते वीस जण पहिल्या प्रकरणात यायला हवेत. गंमत म्हणून केलेल्या गोष्टीला इतिहास लवकर मिळतो. हुकूम म्हणून केलेल्या गोष्टीचे श्रेय हुकूम देणाऱ्याच्या नावावर जमा होते. 1974 मध्ये काही सायकलस्वारांनी मिझूला ते सेंट लुइस हा मार्ग पुन्हा कापला, तेव्हा ते श्रेय थोडे सरकले. सँडर्स यांचा सन्मान कागदोपत्री परत येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.